आम्हाला फक्त निर्दोष बळीच हवेत का?



वस्तीतल्या एखाद्या पोराला पोलिसांनी उचललं, मारलं, असा निरोप ग्रुपवर पडतो. पाच मिनिटांत त्याखाली पहिला प्रश्न येतो : "त्याच्यावर आधीचे काही गुन्हे आहेत का?" उत्तर "नाही" आलं तर निवेदन टाइप होतं, मोर्चाची तारीख ठरते, वकिलाला फोन जातो. उत्तर "दोन-तीन आहेत" असं आलं तर ग्रुप गार पडतो. कुणीतरी हात जोडल्याचं चिन्ह टाकतं आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी सुप्रभात येतं.

हा प्रश्न मनुवाद्याने विचारला असता तर त्याला आपण चांगलं सोललं असतं. पण तो विचारणारा आपलाच असतो. म्हणून हा लेख.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ज्याच्यावर अन्याय झाला तो एक माणूस आणि ज्याने गुन्हा केला तो दुसरा, अशी विभागणी सिनेमात चालते. वस्तीत ती चालत नाही. तिथे एकच माणूस सोमवारी मार खाल्लेला असतो आणि शुक्रवारी मार दिलेला. सरकारी कागदावर मात्र शुक्रवारच तेवढा उतरतो, सोमवार उतरतच नाही. आणि आपण त्या कागदाकडे बघून ठरवायचं की कुणासाठी रस्त्यावर यायचं?

ही काही आमची एकट्याची कल्पना नाही. मार्विन वूल्फगँग नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने फिलाडेल्फिया शहरातल्या १९४८ ते १९५२ या काळातल्या ५८८ खुनांचा अभ्यास केला आणि १९५८ साली तो पुस्तकरूपाने छापला. त्यात असं निघालं की ज्यांचे खून झाले त्यांच्यापैकीही जवळपास निम्म्यांच्या नावावर आधी अटकेची नोंद होती. त्यानंतर देशोदेशी असे अभ्यास झाले आणि सूर साधारण एकच राहिला : गुन्ह्याची झळ बसलेले आणि गुन्हा केलेले लोक मोठ्या प्रमाणात एकाच गल्लीतले, एकाच वयाचे, पुष्कळदा तेच ते असतात. आता या निष्कर्षाचे दोन अर्थ निघतात. पोलीस काढतात तो अर्थ : "ही सगळी एकाच माळेचे मणी, आपसात मारामाऱ्या करतात, त्यांच्या फिर्यादी कशाला मनावर घ्यायच्या?" आम्ही काढतो तो वेगळा. "अटकेची नोंद" ही माणसाच्या चारित्र्याची नोंद नसते, पोलिसांच्या हालचालीची असते. पोलीस कुठल्या गल्लीत रोज जातात आणि कुठल्या बंगल्यासमोरून सलाम ठोकून जातात, हे त्या आकड्यात मुरलेलं असतं. फिलाडेल्फियातल्या काळ्या माणसाला हे सांगावं लागलं नसतं. सोलापुरातल्या कैकाड्याला, पारध्याला, मांग गारुड्यालाही सांगावं लागत नाही.

सोलापूरचं नाव घेतलं ते मुद्दाम. या शहरात "सेटलमेंट" नावाचा भाग आहे. रिक्षावाल्याला सांगा, पत्ता न विचारता सोडतो. पण तिथून रोज जाणाऱ्या किती तरुणांना हा इंग्रजी शब्द आपल्या शहरात कसा रुजला हे ठाऊक आहे? १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. सरकारने एखादी जमात "गुन्हेगार" म्हणून जाहीर केली की संपलं. त्या निर्णयाविरुद्ध कोर्टात जायची सोय कायद्यानेच बंद केली होती. १९११ साली कायदा नव्याने झाला, तो मुंबई इलाख्याला लागू झाला, आणि इथे या जमातींसाठी कुंपणाच्या वसाहती फोफावल्या. विजापूर, हुबळी, गदग आणि आपलं सोलापूर. सोलापूरच्या वसाहतीचा कारभार अमेरिकन मराठी मिशनकडे होता. तारेचं कुंपण, ठरल्या वेळी हजेरी, बाहेर जायला पास. आणि दिवसभर काम कुठे? गिरणीत. ज्या गिरण्यांचा भोंगा सोलापूरचा अभिमान म्हणून आजही सांगितला जातो, त्यांच्या साच्यांवर तारेच्या कुंपणातून हजेरी देऊन आलेले हातही होते. मुलांना आईबापांपासून वेगळं काढून ठेवण्याचा अधिकारही कायद्याने सरकारला दिला होता.

त्या माणसांनी काय गुन्हा केला होता? काहींनी केला असेल. बहुतेकांना जन्म घेण्यापलीकडे काहीच करावं लागलं नव्हतं. हा कायदा आणताना सरकारी बाजूने जो युक्तिवाद झाला तो प्रत्येक आंबेडकरी तरुणाने लक्षात ठेवावा. हिंदुस्थानात धंदा जातीवर चालतो, सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, मग चोरी हा ज्यांचा धंदा त्यांची मुलंही चोरच होणार, असा तो युक्तिवाद. बघा, साहेबाने नवं काही शोधलं नव्हतं. मनूचं सूत्र उचललं आणि त्याला सरकारी शिक्का मारला. १९२७ च्या डिसेंबरात महाडला ज्या ग्रंथाची होळी झाली, त्याचा आत्मा तेव्हा सोलापुरात तारेच्या कुंपणावर पहारा देत होता.

या कायद्याची १९२४ ची आवृत्ती तर आणखी पुढची. तिच्या २४ व्या कलमाप्रमाणे नोंद झालेला माणूस "चोरी करायच्या बेतात होता" असं कोर्टाला वाटेल अशा परिस्थितीत कुठेही सापडला, की तीन वर्षांपर्यंत कैद. चोरी झाली पाहिजे अशी अट नाही, फक्त बेत दिसला पाहिजे. आता याच माणसाच्या पालावर रात्री गावगुंडांनी हल्ला केला, बाईवर हात टाकला, तर तो पहाटे ठाण्यात कसा जाईल? रस्त्यात सापडला तर "या वेळी इथे काय करतोस" हाच पहिला सवाल. फिर्याद द्यायला निघालेला माणूस आरोपी म्हणून पोचण्याची व्यवस्था इतकी चोख होती. फिर्याद नाही, म्हणजे गुन्हा नाही. गुन्हा नाही, म्हणजे तो कधी बळी नव्हताच. पिढ्यान् पिढ्या या लोकांवर झालेल्या अत्याचारांची नोंद सरकारी दप्तरात शोधायला जाल तर हात हलवत परत याल. त्यांच्या गुन्ह्यांच्या नोंदी मात्र गठ्ठ्यांनी मिळतील.

१९५२ च्या ३१ ऑगस्टला हा कायदा रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. सोलापुरात "सेटलमेंट फ्री कॉलनी" असे पत्ते तयार झाले, एक नंबर, दोन नंबर करत. फ्री, म्हणजे मुक्त. पण आपल्या मुंबई प्रांताने काय केलं होतं? जुना कायदा जायच्या आधीच, १९४७ साली, सराईत गुन्हेगारांवर निर्बंध घालणारा कायदा आणून ठेवला होता आणि १९५९ साली त्याची नवी आवृत्ती केली. जमातीचं नाव काढलं, "सराईत" शब्द घातला. रजिस्टर तेच, पान नवं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने असे कायदे रद्द करा म्हणून शिफारस केली, २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीनेही भारताला तेच सांगितलं.

आणि महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ चं कलम १२२ तर आजही आहे. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत संशयास्पद स्थितीत सापडणाऱ्यांसाठीचं कलम. त्यातला एक प्रकार असा, की चोर म्हणून ख्याती असलेला माणूस रस्त्यात रेंगाळताना दिसला आणि समाधानकारक उत्तर देऊ शकला नाही तर गुन्हा. ख्याती! गायकाची असते, पैलवानाची असते, तशी चोर म्हणून ख्याती. ती कुणी द्यायची? जात बघून गाव देतं, आणि गावाचं ऐकून ठाणं लिहून घेतं. ठाण्याच्या दप्तरात "रात्री-अपरात्री, अंधारात, तोंड लपवून" अशी ठराविक वाक्यं आम्ही इतक्या कागदांवर वाचली आहेत की आता डोळे मिटून म्हणू शकतो. नाव आणि तारीख बदलते, अंधार तोच राहतो.

आता बाबासाहेबांकडे येऊ, कारण काही मंडळी म्हणतील की विमुक्तांचा प्रश्न वेगळा, आपला वेगळा. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या परिस्थितीचा अभ्यास करायला समिती नेमली. अध्यक्ष होते ओ. एच. बी. स्टार्ट. हेच गृहस्थ आधी गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचे प्रमुख अधिकारी होते. त्या समितीत बाबासाहेब सदस्य म्हणून बसले आणि १९३० साली अहवाल आला. पुढे १९४८ साली अस्पृश्यांच्या उगमावर लिहिलेल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी तीन समूह एकत्र मांडले : गुन्हेगार ठरवलेल्या जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य. ज्या संस्कृतीने हे तीन समूह निर्माण केले तिला संस्कृती म्हणायचं का, हा त्यांचा सवाल होता. त्यांनी तिघांना एका ओळीत बसवलं. आपण मात्र एका ओळीतून उठून वेगळं बसायला लागलो, तर तो फायदा कुणाचा?

कायद्याने तर आपल्याला वेगळं बसवलेलंच आहे. उदाहरण घ्या कैकाडी समाजाचं. विदर्भातल्या जुन्या जिल्ह्यांत, म्हणजे नागपूर, अमरावती, अकोला, यवतमाळ वगैरे ठिकाणी, कैकाडी हे अनुसूचित जातीत आहेत. सोलापुरात तेच कैकाडी विमुक्त जातीत. समाज एक, देवक एक, सोयरीक होते, पण यवतमाळात जातीवरून मारहाण झाली तर ॲट्रॉसिटीचा कायदा मदतीला येतो आणि सोलापुरात त्याच माणसाला तीच मारहाण झाली तर येत नाही. वडारांची, कंजारभाटांची गतही तीच. म्हणजे आरोपी व्हायला जात पुरते, पण बळी व्हायला जात पुरत नाही. या एका वाक्यावर आमची कुणाशीही, कुठल्याही व्यासपीठावर वाद घालायची तयारी आहे.

अनुसूचित जातीतल्यांना तो कायदा आहे, तर त्यांचं काय होतं तेही बघू. गावात मारहाण होते. पोरगा ठाण्यात जातो, ॲट्रॉसिटी दाखल करायला दिवस मोडतो. संध्याकाळपर्यंत समोरून उलट गुन्हा तयार असतो. मारामारीचा साधा उलट गुन्हा असता तर समजलो असतो, पण तो दरोड्याचा असतो. पाच-सात जणांनी गळ्यातली चेन ओढली, खिशातले अमुक हजार काढले. जुन्या कायद्यात ३९५, नव्या न्याय संहितेत ३१०. मार खाल्लेल्या घरातले बाप, भाऊ, चुलता सगळे आत. जामीन सहज नाही. मग पंधरा दिवसांनी गावातला कुणी "समजूतदार" माणूस येतो : तुम्ही ती ॲट्रॉसिटी मागे घ्या, ते दरोडा मागे घेतील, गावात राहायचंय ना? जिल्हा कोर्टात फौजदारी काम करणाऱ्या कुठल्याही वकिलाला विचारा, हा सौदा त्याच्या परिचयाचा असतो. नंतर विधानसभेत, चॅनेलवर आकडे सांगितले जातात की ॲट्रॉसिटीच्या केसेस टिकत नाहीत, म्हणजे खोट्या असतात. केस का टिकली नाही, हे दरोड्याच्या कागदात लिहिलेलं असतं. पण ते दोन कागद शेजारी शेजारी ठेवून वाचायची कुणाला गरज वाटत नाही.

महाडलाही याचीच सुरुवात होती. मार्च १९२७ मध्ये तळ्याचं पाणी प्यायल्यावर आपल्या लोकांवर हल्ला झाला, परतणाऱ्यांना रस्त्यात, गावात गाठून मारलं. आपल्याकडेही हात उचलू शकणारे जवान कमी नव्हते, बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. त्यामागे शांततेचं प्रेम तर होतंच, पण वकिलाची नजरही होती. उलट हात उचलला की कागदावर कोण काय होतं हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. तरीही पुढे झालं काय? स्पृश्यांनी दावा लावला आणि त्यात बाबासाहेब प्रतिवादी झाले. मार खाल्लेल्यांचा नेता दहा वर्षं कोर्टात उत्तर देत होता. मार्च १९३७ मध्ये हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागेपर्यंत.

अलीकडचं बघायचं तर १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला निघालेल्यांवर दगडफेक झाली. ३ तारखेला बंद झाला. त्या बंदनंतर राज्यभर गुन्हे कुणावर दाखल झाले, वस्त्यांमध्ये दारं कुणाची वाजली, हे इथे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना वेगळं सांगायला नको. काहींचे पासपोर्ट अडले, काहींची नोकरीची चारित्र्य पडताळणी अडली. बळीचं रूपांतर आरोपीत व्हायला १८७१ साली कायदा लागत होता. २०१८ साली दोन दिवस पुरले.

त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातली. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. आठवड्याच्या बाजाराचा दिवस होता. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. अफवा कुणाचीही उडू शकते, पण ती चिकटते कुणाला? कोट घातलेल्या विमा एजंटाला चिकटत नाही. पालात राहणाऱ्याला चिकटते, कारण दीडशे वर्षं सरकारनेच गावाला शिकवलं आहे की अनोळखी भटका म्हणजे चोर. त्या पाच जणांना मरण्यापूर्वी आरोपी व्हावं लागलं. मेल्यानंतरच त्यांना बळी होता आलं. आणि त्यांच्यापैकी एखाद्यावर खरोखरच जुना चोरीचा गुन्हा असता तर? चॅनेलवाल्यांनी त्या रात्री काय दाखवलं असतं, आणि आपल्या ग्रुपवर किती हात जोडले गेले असते?

हा प्रश्न आम्ही सोमनाथ सूर्यवंशीच्या बाबतीतही विचारतो, आणि विचारताना आमच्याच घशात अडकतो. परभणीला १० डिसेंबर २०२४ रोजी संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशी लोक रस्त्यावर आले, धरपकड झाली आणि १५ डिसेंबरला सोमनाथ न्यायालयीन कोठडीत गेला. कायद्याचा विद्यार्थी. वडार समाजातला, आंबेडकरी विचाराचा. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत मारहाण झाल्याचं नाकारलं. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवायला सांगितलं, सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं आणि तिथेही हरलं. त्या माउलीने ज्या ताठ मानेने ही लढाई लढली, तिला आमचा सलाम. महाराष्ट्र तिच्यामागे उभा राहिला.

पण सोमनाथ शिकलेला होता, कायदा वाचत होता, हे आपण प्रत्येक भाषणात का सांगत होतो? तो शिकला नसता, त्याच्यावर दोन मोबाइल चोरीचे गुन्हे असते, तर कोठडीतला मार कमी बेकायदा ठरला असता का? घटनेचं कलम २१ वाचा. त्यात "कुठल्याही व्यक्तीला" असं आहे. "चांगल्या वर्तनाच्या व्यक्तीला" असं नाही. संविधानाच्या प्रतिकृतीसाठी जीव देणाऱ्याच्या नावाने आपण सभा घ्यायच्या आणि संविधानात नसलेली अट आपणच घालायची, हे जमणार नाही.

निर्दोषत्वाची ही अट किती महाग पडते त्याचं एक उदाहरण देतो. २००३ साली नाशिकजवळ एका शेतमजूर कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांचे खून, बलात्कार. अंगावर काटा येईल असं प्रकरण. पोलिसांनी भटक्या समाजातले सहा मजूर पकडले. सेशन कोर्टाने फाशी दिली, हायकोर्टाने तिघांची कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली, २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशी सुनावली. दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ ला, त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला सांगितले. त्या हल्ल्यातून वाचलेल्या बाईने पोलिसांच्या अल्बममधून सुरुवातीला चार वेगळ्याच माणसांचे फोटो ओळखले होते. त्या दिशेने तपासच झाला नव्हता. सोळा वर्षं सहा माणसं आत, आणि ज्या घरातली माणसं मेली त्यांनाही न्याय नाही, कारण खरे मारेकरी मोकळे. जात बघून आरोपी ठरवलं की बळीही बुडतो, हे या निकालात दिसतं. त्या सोळा वर्षांत या सहा जणांसाठी महाराष्ट्रात किती मोर्चे निघाले? कारण एवढंच, की "दरोडा-बलात्कारातले आरोपी" या शब्दांपुढे कुणाची उभं राहायची हिंमत झाली नाही.

आता समोरून येणारा आक्षेप. "म्हणजे चोरी करा, मारामाऱ्या करा, वरून बळी म्हणून मिरवा, असं तुम्हाला म्हणायचंय का?" नाही. वस्तीतल्या गुन्ह्याचा पहिला फटका वस्तीलाच बसतो, हे आम्ही जाणतो. भाईगिरी करणारं पोरगं शेजारच्या हातगाडीवाल्याकडून हप्ता घेतं, सावकाराच्या बंगल्यावर जात नाही. दारू पिऊन येणारा बाप पोलिसांचा मार बायकोच्या पाठीवर उतरवतो. जिचा नवरा फरार आहे अशी बाई पोलिसांकडूनही मार खाते, जात पंचायतीकडूनही. तिची फिर्याद घ्यायला ठाणंही तयार नसतं आणि समाजाची इज्जत सांगणारे पुढारीही. कंजारभाट समाजातल्या तरुण-तरुणींनी २०१८ साली कौमार्य चाचणीविरुद्ध तोंड उघडलं तेव्हा त्यांना सगळ्यात जास्त त्रास कुणी दिला? समाजातल्याच पंचांनी. त्यामुळे अंगावर जखम आहे म्हणून दुसऱ्याला जखम करायचा परवाना मिळतो, असलं तत्त्वज्ञान आम्ही मानत नाही. गुन्हा केला असेल तर खटला चालवा, पुरावा आणा, कायद्यात असेल ती शिक्षा द्या. पण सोमवारचा गुन्हाही नोंदवा. त्याच्या बायकोचाही नोंदवा. आमची मागणी इतकी साधी आहे की तिला क्रांतिकारी म्हणायलाही लाज वाटते.

आणि समाज म्हणून कुणाला माफ करायचं, हे आपण ठरवतोच की. आपल्याच शहरात चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत. १९३० च्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात ज्यांना फाशी झाली ते मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा. सरकारी दप्तरात ते पोलिसांच्या खुनातले आरोपी होते. शहराने ते दप्तर मानलं नाही, पुतळे उभे केले, उत्तम केलं. पण त्याच काळात त्याच शहरात तारेच्या आत हजेरी देणाऱ्यांविषयीचं सरकारी दप्तर मात्र शहराने जसंच्या तसं मानलं, आणि अजून मानतं. भाड्याने खोली मागायला गेलेल्या पोराने पत्त्यात "सेटलमेंट" सांगितल्यावर घरमालकाचा चेहरा बघा.

मग करायचं काय? भाषणं पुरेत, कागद गोळा करू या. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगातली जातीवरची कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये म्हणून पोलिसांनी आधीच्या निकालांतली मार्गदर्शक तत्त्वं पाळावीत, असंही बजावलं. हा निकाल मराठीत दोन पानांत करून प्रत्येक वस्तीत पोचला पाहिजे. ठाण्यात फिर्याद घेत नसतील तर ललिता कुमारी खटल्याचा २०१३ चा निकाल दाखवा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की नोंद करणं बंधनकारक आहे, हद्दीचं कारणही चालत नाही. तरीही घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे किंवा शहरात आयुक्तांकडे पाठवा. पोचपावती जपून ठेवा, पुढे मॅजिस्ट्रेटसमोर तीच कामाला येते. मार लागला असेल तर आधी सरकारी दवाखाना, मग निवेदन. उलट गुन्हा दाखल झाला असेल तर दोन्ही एफआयआर एकत्र वकिलाच्या हातात द्या आणि दोन्हींवरची वेळ त्यांना दाखवा. वेळेतच बहुतेक वेळा सगळं उघडं पडतं.

आणि एक वही करा. प्रत्येक वस्तीत, प्रत्येक शाखेत. दोन रकाने. डावीकडे या घरातल्या माणसांवर दाखल झालेले गुन्हे : क्रमांक, कलम, तारीख, पुढे काय झालं. उजवीकडे या घरातल्या माणसांवर झालेले गुन्हे, नोंदवलेले आणि नोंदवून न घेतलेलेही : कधी, कुणी, कुठल्या ठाण्यात गेलो, कुणी परत पाठवलं. बायकांना वेगळं बसवून विचारा, पुरुषांसमोर त्या उजवा रकाना अर्धाच सांगतील. ज्याच्यावर पाच गुन्हे आहेत त्याच्याकडे आधी जा. माहिती घरच्यांच्या संमतीने लिहा, वही कुणाच्या हाती द्यायची नाही, फोटो काढून ग्रुपवर टाकायचा तर अजिबातच नाही.

येत्या ३१ ऑगस्टला विमुक्त दिनाच्या कार्यक्रमात सत्कार, शाल, श्रीफळ कमी करून सेटलमेंट फ्री कॉलनीपासून ही वही सुरू करावी असं आमचं सोलापुरातल्या सगळ्या गटांना, सगळ्या झेंड्यांना आवाहन आहे. लिहिता येणारे वीस जण लागतील. सोबत दोन वकील असतील तर उत्तम. येताना आधार कार्डाची झेरॉक्स नको, आपल्याकडे असलेले एफआयआर, जामिनाचे, तडीपारीचे, चॅप्टर केसचे कागद घेऊन या. आणि ज्यांच्याकडे कुठलाच कागद नाही, कारण ठाण्याने कधी काही लिहूनच घेतलं नाही, त्यांनी तर पहिलं यावं.

जय भीम! जय संविधान!